लीलाबाई लहान होत गेल्या

लीलाबाई लहान होत चालल्यात हे पहिल्यांदा सान्वीच्या लक्षात आलं. तिनं पुण्याहून फोन केला.

"आई, तुझ्या लीलाबाई पूर्वी अर्धी चौकट अडवायच्या. आता बाई कुठाय आणि स्कूटर कुठाय ते शोधावं लागतं. मुद्दाम केलंयस का?"

"असेल," सुकन्या म्हणाली.

"असेल म्हणजे? तूच काढतेस ना?"

"मीच काढते."

सान्वी परीक्षेचं काहीतरी बोलली आणि तिनं फोन ठेवला. सुकन्यानं समोरचं पान उचलून पाहिलं. लीलाबाई खरंच लहान दिसत होत्या. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, मोहरीएवढं हेल्मेट घालून, सिग्नलला थांबलेल्या. तिनं पान खाली ठेवलं आणि कुकर लावायला उठली.

सुकन्या मगदूम सांगलीत हळद तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत कामाला होती. सौद्यात आलेल्या हळदीचे नमुने तिच्या टेबलावर यायचे. ते दळायचे, द्रावणात घालायचे, यंत्रात ठेवायचे आणि रंगद्रव्य किती निघतं ते सांगायचं. वर्षानुवर्षं हेच काम केल्यामुळे तिची नखं कायमची पिवळी झाली होती. नवीन माणूस प्रयोगशाळेत शिरला की शिंकायला लागायचा. सुकन्याला अलीकडे तिथे कसलाच वास येत नसे. सवय झाली, असं ती म्हणायची.

कॉमिक हा तिचा छंद. सान्वी शाळेत जायला लागली तेव्हा रिकाम्या दुपारी तिनं एक बाई काढली. साठी ओलांडलेली, नवरा गेल्यावर अंगणात धूळ खात पडलेली स्कूटर शिकलेली आणि रस्त्यात दिसेल त्याला मागे बसवून नेणारी. ‘लीलाबाईंची स्कूटर’. प्रत्येक अंकात एक नवा प्रवासी. कधी घोडा बिथरून पळाला म्हणून पायी निघालेला नवरदेव, कधी मांडीवर शिट्टी मारणारा कुकर घेतलेली सून, कधी गाडी अडकली म्हणून वैतागलेला आमदार. कागद दुमडून आठ पानं करायची, झेरॉक्स काढायची, मधोमध दोन पिना मारायच्या, झालं.

अशी कॉमिकं काढणारी माणसं गावोगावी होती आणि त्यांना एकत्र आणलं मुनीर शिकलगारनं. मुनीर मिरजेच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. सुकन्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, तिला ताई म्हणायचा. त्यानं ‘चौकट’ नावाची मंडळी जमवली. थंडीत शाळेच्या सभागृहात जत्रा भरायची. तिथे विकत काही नसायचं. आपलं एक द्यायचं आणि दुसऱ्याचं एक घ्यायचं. पुढे चौकटीचं संकेतस्थळ झालं. परभणीची पोरगी पणजीच्या म्हाताऱ्याशी अंकांची अदलाबदल करू लागली.

मग मशीनची चित्रं आली. दोन वाक्यं सांगितली की चोवीस पानी कॉमिक तयार. चौकटीवर एकाएका दिवसात इतके अंक येऊन पडू लागले की वाचणार कोण? आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे आपलं द्यायचं तर समोरून येणारं कुणाचं तरी असायला हवं. मंडळी कंटाळून गळायला लागली.

त्या वेळी साक्षी पेन बाजारात आलं. दिसायला साध्या शाईच्या पेनासारखंच. पण आत बोटभर जागेत बारीक संवेदक बसवलेले. कागदावर किती दाब पडतोय, पेन किती कललंय, रेघ कुठे वेगानं गेली, कुठे रेंगाळली, हे ते सेकंदाला शेकडो वेळा टिपायचं. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. धडधाकट माणसाच्या हातालाही डोळ्याला न दिसणारी एक थरथर असते आणि ती ज्याची त्याची वेगळी असते, आवाजासारखी. पेन काही पानांत मालकाची थरथर ओळखून घ्यायचं आणि मग त्यानं काढलेल्या प्रत्येक पानावर ‘हातचं’ असा शिक्का द्यायचं. दुसऱ्या कुणी ते पेन धरलं, किंवा यंत्राच्या बाहूत बसवून मशीनचं चित्र गिरवून घेतलं, की शिक्का मिळत नसे. वय वाढलं की हात बदलतो, तेवढी सूट पेन बनवणाऱ्यांनी ठेवली होती.

चौकटीनं नियम केला. शिक्का असेल तरच अंक लागेल. सलग तीन अंकांना शिक्का नाकारला गेला तर ती मालिका खाली उतरवायची. नियमासाठी हात वर करणाऱ्यांत सुकन्या पहिल्या ओळीत होती. तेव्हा ती तावातावानं बोललीसुद्धा होती.

आता ज्या अंकात लीलाबाई आठही पानं सिग्नलला थांबून राहतात आणि मागे कुणीच बसत नाही, तो अंक वाचकांना फार आवडला. एकटेपणा इतक्या शांतपणे कुणी काढला नव्हता, असं एकानं लिहिलं. बाई लहान होत जाणं म्हणजे समाजानं म्हाताऱ्या बायांना नजरेआड करणं, असं दुसऱ्यानं दोन पानं भरून समजावलं. सुकन्यानं ते वाचलं. तिनं तसं काही योजलं नव्हतं. मागे बसायला कुणी सुचलं नाही एवढंच खरं होतं.

त्याच्या पुढच्या अंकाला पेननं शिक्का दिला नाही. ‘हा हात नोंदीशी जुळत नाही,’ असं फोनच्या पडद्यावर आलं. तिनं पान पुन्हा काढलं. पुन्हा तेच. पुढचे दोन अंकही तसेच गेले.

एका रविवारी सकाळी मुनीर घरी आला. सुकन्याचा नवरा भरतेश ठिबक सिंचनाच्या साहित्याचं दुकान चालवायचा. रविवारी तो घरीच असे. त्यानंच चहा केला. मुनीरनं कप हातात घेतला आणि विचारलं,

"ताई, मला फक्त खरं सांगा. घाईत असाल, दमला असाल. सान्वीकडून काढून घेतलं का? की मशीनला सांगितलं? मी रागावणार नाही."

"मीच काढलंय."

"मग असं का येतंय?"

"माहीत नाही."

"जरा जोरात तरी सांगा ना, ताई! तुम्ही असं सांगताय की मलाच खोटं वाटायला लागलंय."

सुकन्या बिस्कीट चहात बुडवत होती. ते मऊ पडून कपात तुटलं. ती तुकडा तळाला जाताना बघत राहिली.

भरतेशच उसळला. "मुनीर, तू कुणाच्या घरात बसून काय बोलतोयस? टेबलावर मान मोडून ती काढते, मी बघतो रोज. तुझ्या त्या पेनाला विचार!"

"पेन पेनाचं सांगतंय, दादा. नियम सगळ्यांना सारखा आहे. ताईंनीच केलाय."

"काढून टाक मग," सुकन्या म्हणाली. "नियम आहे ना."

मुनीर उठला. चपला घालताना त्यानं एकदा मागे वळून पाहिलं. ती काहीतरी म्हणेल, असं त्याला वाटत असावं. ती कप उचलून आत गेली.

मालिका उतरली. तिथे एक ओळ लागली की या कामाची पडताळणी होऊ शकलेली नाही. मग लोक बोलले. इतकी वर्षं आम्हाला फसवलं, लीलाबाई चोरीच्या, असं बरंच काही. परभणीच्या पोरीनं अदलाबदलीत मिळालेले लीलाबाईंचे सगळे अंक पाकिटात घालून परत पाठवले. चिठ्ठीसुद्धा नव्हती. सुकन्यानं पाकीट फ्रिजवर ठेवलं, दुधाच्या कूपनांशेजारी.

सान्वीनं फोन केला तो रडतच. "आई, तुझ्याबद्दल काय काय लिहितायत वाचलंस?"

"वाचलं."

"मग?"

"लिहिणारच."

"तुला काहीच वाटत नाही का?" सान्वी ओरडली. "खरं सांग. कशाचंच काही वाटत नाही ना तुला? मला हॉस्टेलवर सोडायला आलीस, मी तिथे रडतेय आणि तू पंखा चालतोय का ते बघत होतीस. मला वाटलं, मीच नकोशी झालेय."

सुकन्याला तो पंखा आठवला. त्याचं बटण सैल होतं. सान्वीचा चेहरा कसा होता ते मात्र आठवेना. "तसं नाही ग," ती म्हणाली. पण ते वाक्य तिलाच वर्तमानपत्रातून वाचल्यासारखं वाटलं. आपल्याला वाईट वाटायला हवं हे तिला कळत होतं. वाईट कुठून आणायचं ते कळत नव्हतं. सान्वीनं फोन ठेवला आणि पुढच्या सुट्टीत ती घरी आली नाही.

इकडे मुनीरला चैन पडेना. चौकटीचा चालक म्हणून त्याला पेनच्या नोंदी बघता यायच्या. शाळा सुटल्यावर कलावर्गात बसून त्यानं सुकन्याच्या गेल्या काही वर्षांच्या नोंदी एकाखाली एक लावल्या. दुसऱ्या कुणाचा हात आला असता तर आलेख एका दिवसात तुटला असता. इथे तो कुठेच तुटत नव्हता. तो घसरगुंडीसारखा हळूहळू उतरत होता. दाब कमी होत गेलेला. रेघा आखूड. प्रत्येक रेघ सुरू करण्याआधी पेन कागदावर टेकून नुसतंच थांबलेलं. आधी क्षणभर, मग त्याहून जास्त. हात तोच होता, पण त्याचं काहीतरी होत होतं.

मिरजेत मेंदूविकाराच्या डॉक्टर ऐनापुरे होत्या. त्यांची मुलगी मुनीरच्या वर्गात होती. त्यानं आलेख नेऊन त्यांना दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिले.

"कुणाचे आहेत हे? उद्याच घेऊन या त्यांना."

मुनीरनं फोन केला तो भरतेशला.

डॉक्टर ऐनापुरे बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी सुकन्याला बोटांची चिमूट उघडमीट करायला सांगितली, चालून दाखवायला सांगितलं, कुडत्याची बटणं लावायला किती वेळ लागतो ते विचारलं. उजवा हात चालताना हलत नाही हे भरतेशनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग डॉक्टरांनी टेबलावर झाकणाच्या बाटल्या मांडल्या.

"डोळे मिटा. एकेकीचा वास घ्या आणि काय आहे ते सांगा."

पहिलीत काही नव्हतं. दुसरीतही नाही. तिसरीत किंचित ओलसर काहीतरी, की तेही नाही.

"आणि ही?"

सुकन्यानं दीर्घ श्वास घेतला. "रिकामी आहे."

"डोळे उघडा."

बाटलीत हळद होती. गळ्यापर्यंत भरलेली, ताजी दळलेली. भरतेश खुर्चीतून अर्धा उठला आणि पुन्हा बसला. सुकन्या बाटलीकडे पाहत राहिली. आपण रोज हळदीत हात घालतो, हे तिच्या मनात आलं आणि तिथेच थांबलं.

डॉक्टरांनी मग कागदावर मेंदूचं चित्र काढलं, आडवंतिडवं. "हा आजार पार्किन्सनचा. नाव ऐकलं असेल. लोकांना वाटतं हात थरथरायला लागला की तो सुरू होतो. तसं नसतं. मेंदूच्या खोल भागात थोड्याशा पेशी असतात. त्या डोपामाइन नावाचं रसायन बनवतात. त्या पेशी मरू लागतात त्या कितीतरी वर्षं आधीपासून. सुरुवातीला वास जातो. अक्षर बारीक होतं, चित्रंही. आणि अजून एक होतं, ते फारसं कुणी सांगत नाही. हालचाल सुरू करायला जे रसायन लागतं, तेच हौस सुरू व्हायलाही लागतं. उठून काही करावंसं वाटणं, कुणाला भेटावंसं वाटणं, एखाद्या गोष्टीचं आतून काही वाटणं. त्यालाही ते पुरत नाही."

"म्हणजे हिचा स्वभाव बदललाय तो..." भरतेश म्हणाला.

"स्वभाव नाही, मगदूम. आजार आहे." त्या सुकन्याकडे वळल्या. "आत्ता हे ऐकून काय वाटतंय तुम्हाला?"

"काही वाटायला हवं का?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या.

भरतेश रडला. परतताना गाडीतही त्याचे डोळे वाहत होते. सुकन्यानं त्याला रुमाल दिला आणि सांगलीच्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "समोर बघून चालवा."

त्यानंतर सगळं पटापट झालं. मुनीरनं चौकटीवर लिहिलं की लीलाबाई हातच्याच होत्या. सोबत त्यानं आलेख लावला, सुकन्याचं नाव, वय आणि आजारही लिहिला. तिचं निर्दोष असणं सिद्ध करायचं तर पुरावा द्यायला हवा, देऊ का, असं त्यानं भरतेशला फोनवर विचारलं होतं आणि भरतेश हो म्हणाला होता. ती पोस्ट कुठच्या कुठे गेली. माफीचे ढीग लागले. परभणीच्या पोरीनं हुंदके देत बोललेला संदेश पाठवला आणि अंक परत मागितले. सुकन्यानं फ्रिजवरचं पाकीट तसंच उलटा पत्ता घालून पोस्टात टाकलं. एका वृत्तवाहिनीनं तो आलेख दाखवला. पेनानं पकडला आजार, असा मथळा. प्रयोगशाळेच्या मालकांनी तिला बोलावून मायेनं सांगितलं की आता वजनकाट्याचं बारीक काम नको, स्वागताच्या टेबलावर बसा. तिच्या टेबलावर नवी मुलगी आली.

सान्वी आली, दार उघडताच गळ्यात पडली. "आई, मला माहीत नव्हतं ग. तो आजार होता. तू नव्हतीसच ती." सुकन्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. सान्वीनं सगळं माफ करून टाकलं होतं, पंखासुद्धा. आईला माफी मागायचीय की नाही हे तिनं विचारलं नव्हतं.

औषध सुरू झालं. नव्या प्रकारचं होतं. मरणाऱ्या पेशी वाचवायचं थोडं आणि उरलेल्यांकडून काम करून घ्यायचं थोडं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वास परत येणार नाही, तो गेला तो गेलाच, हेही सांगितलं. पहिले काही आठवडे मळमळीशिवाय काही झालं नाही. मग एके दिवशी कुडत्याची बटणं न थांबता लागली. लीलाबाई चौकटीत थोड्या वर सरकल्या.

आणि एका सकाळी भरतेश तिच्यासाठी टोमॅटो चिरून ठेवत होता, रोज ठेवायचा तसा, तेव्हा तिला त्या सुरीचा आवाज सहन झाला नाही. काय होतंय ते तिला लगेच ओळखता आलं नाही. सुरी त्याच्या हातातून काढून घ्यावीशी वाटली. ती जाऊन गॅलरीत उभी राहिली. खाली शेजारच्या पाटीलवहिनी हात करून म्हणाल्या, "कसं वाटतंय आता? टीव्हीवर बघितलं तुमचं." तिनं हात केला आणि आत आली.

मग तिनं बसून मुनीरची ती पोस्ट वाचली. पूर्वी वाचली होतीच. पण आता एकेक ओळ अंगाला लागत होती. आपली रेघ कुठे थबकली, कुठे ढिली पडली, ते लाल रंगात गोल करून दाखवलेलं. ज्या दुपारी मागे बसायला कुणी सुचलं नाही ती दुपारही त्या आलेखात होती. हे सगळं आधी डॉक्टरांनी पाहिलं, मग भरतेशनं, मग अख्ख्या महाराष्ट्रानं. तिला विचारलं नव्हतं कुणीच. विचारलं असतं तर ती ‘बरं’ म्हणाली असती, हेही तिला माहीत होतं. तरी विचारलं नव्हतं.

त्या वर्षीच्या जत्रेत सभागृह भरलं होतं. टेबलांवर अंक मांडलेले, पोरं एकमेकांची पानं उलटत होती. दुपारी सभा होती. मुनीरनं ठराव मांडला. चौकटीत हजारो माणसं साक्षी पेन वापरतात. सगळ्यांच्या जुन्या नोंदी डॉक्टरांच्या गटाला द्यायच्या. ज्याच्या हातात बदल दिसेल त्याला वेळेवर कळवायचं. कितीतरी लोकांची वर्षं वाचतील.

"आणि हे शक्य झालं सुकन्याताईंमुळे," तो म्हणाला. "ताई, दोन शब्द."

टाळ्या कडाडल्या. ती व्यासपीठावर गेली. समोर पहिल्या रांगेत भरतेश, सान्वी, डॉक्टर ऐनापुरे. पाय किंचित घासत होते. सगळे त्या पायांकडे पाहत होते.

"ठराव चांगला आहे," ती म्हणाली. "लोकांचं भलंच होईल. माझंही झालं." ती थांबली. "पण मुनीर, तू मला विचारलं नाहीस."

मुनीरनं मान वर केली.

"माझा हात तू डॉक्टरांना दाखवलास, मला न विचारता. मग यांना सांगितलंस. मग सगळ्या जगाला. तू माझ्या घरी येऊन मला खोटी म्हणालास तेव्हा निदान माझ्याशी बोलत होतास! नंतर तर माझ्याशी बोलायचंच सोडलंस. जो तो यांनाच विचारतो. मी मेले होते का?"

तिचा आवाज चढला होता आणि फाटला होता. तेवढ्यात तिची नजर पहिल्या रांगेकडे गेली. भरतेश हसत होता. तोंडभर, भरल्या डोळ्यांनी. सान्वीनं फोन वर धरला होता, चित्रण चाललं होतं आणि ती बापाला कोपरानं ढोसत होती, "पप्पा, आई चिडली! बघा ना, आई चिडली!" डॉक्टर ऐनापुरे कौतुकानं मान हलवत होत्या. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

सुकन्याला क्षणभर कळेना की हे कशाला टाळ्या वाजवतायत.

"फोन खाली ठेव," ती सान्वीला म्हणाली. "खाली ठेव म्हणते ना. औषध लागू पडलं का ते तपासायला मी इथे उभी नाही. मी चिडलेय. याच्यावर चिडलेय. आणि तुम्ही हसताय."

टाळ्या विरल्या. सान्वीनं फोन मांडीवर ठेवला. भरतेशचं हसू तोंडावर तसंच अडकून राहिलं, त्याचं काय करायचं ते त्याला समजेना.

एकटा मुनीर हसला नव्हता. सुरुवातीपासूनच नाही. तो पांढरा पडला होता. माईकजवळ येऊन तो हळू म्हणाला, "ताई, चुकलं माझं. मला तुम्हाला वाचवायचं होतं."

"ते वाचवलंस," ती म्हणाली. "त्याचं मला काही म्हणायचं नाही. हे वेगळं आहे."

"माफ कराल?"

सगळे वाट पाहत होते. हो म्हणणं सोपं होतं. गेली दोन वर्षं तिनं प्रत्येक गोष्टीला हो म्हटलं होतं, बरं म्हटलं होतं.

"आज नाही," ती म्हणाली आणि खाली उतरली.

ठराव बदलून मंजूर झाला. ज्याच्या त्याच्या संमतीशिवाय कुणाची नोंद उघडायची नाही आणि कळवायचं तर त्यालाच, घरच्यांना नाही. बऱ्याच जणांनी तिथेच संमती दिली. काहींनी पेनच परत केलं आणि साध्या शाईनं काढू म्हणाले. पणजीचे म्हातारेबाबा म्हणाले, माझा हात बघून कुणी माझं मरण सांगावं असं मला वाटत नाही, आणि ते आपल्या टेबलाशी जाऊन बसले. डॉक्टर ऐनापुरे थोड्या नाराज दिसल्या, पण गेल्या नाहीत. एकेकाशी बोलत राहिल्या.

संध्याकाळी आवराआवर सुरू झाली तेव्हा मुनीर दारापर्यंत आला. त्याच्या हातात खुर्च्यांची चळत होती.

"उद्या फोन करू, ताई?"

"नको."

"बरं," तो म्हणाला. खुर्च्या घेऊन तो वळला आणि एका टेबलाला अडखळला. कुणीतरी त्याच्या हातातल्या दोन खुर्च्या घेतल्या.

गाडी भरतेश चालवत होता. सान्वी मागच्या सीटवर होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आई, ते मी काढलेलं पुसून टाकू?"

"टाक."

तिनं पुसलं. मग तिनं जरा घाबरत विचारलं, "आता कसं वाटतंय तुला?"

खिडकीबाहेर उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडे निघाल्या होत्या. सुकन्याला मुनीर टेबलाला अडखळला तो क्षण आठवत होता. आपल्या ‘नको’नं तो दुखावला हे तिला कळलं होतं, आणि आता त्याचं तिला वाईट वाटत होतं. फार नाही. थोडंसं. ते खरंच आहे का, हे ती पुन्हा पुन्हा चाचपून बघत होती.

"ठीक," ती म्हणाली आणि बाकीचं तिनं त्यांना सांगितलं नाही.